नव्या क्लाउड सर्व्हरवर 'पॅकेज सापडत नाही' असं का येतं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासमध्ये लिनक्स शिकून सर्व्हरच्या कामाला लागणारी पोरं हमखास अडकतात ती इथंच. मुंबई रीजनमध्ये नवा उबुंटू सर्व्हर उभा केला, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसवायला ॲप्टला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला, लगेच 'ॲप्ट इन्स्टॉल एन्जिनएक्स' दिलं आणि उत्तर आलं, 'अनेबल टू लोकेट पॅकेज'. नेट चालू, नावही बरोबर. पण क्लाउड इमेजमध्ये, म्हणजे सर्व्हर ज्या तयार साच्यावरून उभा राहतो त्यात, पॅकेजची यादी भरलेलीच नसते. इमेज बनवताना ॲप्टचं 'लिस्ट्स' फोल्डर रिकामं करतात. त्यात शिळी यादी ठेवून उपयोगही नसतो. तिच्यात नोंदलेली आवृत्ती मिररवरून, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात त्या सर्व्हरवरून, काढलेली असली की 404 ('फाइल सापडत नाही') येतो.

ही यादी आणायचं काम क्लाउड-इनिटवर, म्हणजे नवा सर्व्हर पहिल्यांदा उठताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवा. त्याला सूचना देणारी फाइल म्हणजे यूजर-डेटा. तिची पहिली ओळ '#क्लाउड-कॉन्फिग', हॅशला चिकटूनच, मध्ये जागा नको. खाली 'पॅकेज_अपडेट: ट्रू' आणि मग 'पॅकेजेस' खाली नावं. टॅब अजिबात वापरू नका, दोन स्पेस द्या. चढवण्याआधी फाइल 'क्लाउड-इनिट स्कीमा'नं तपासा. 'पॅकेज_अपग्रेड' मात्र सरसकट घालू नये. बूट लांबतो, आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला तर रीबूटचीही सोय करावी लागते.

क्रम पाठच करा. 'बूटसीएमडी' प्रत्येक बूटला, अगदी सुरुवातीला चालतं, त्यामुळे तिथं नवं पॅकेज वापरायला गेलात तर ते सापडणारच नाही. 'रनसीएमडी'मधल्या कमांड पॅकेजेस बसल्यावर चालतात. सर्व्हिस चालू करायची ती इथं.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो लॉक, म्हणजे एका वेळी एकच इन्स्टॉल चालावं म्हणून लागणारं कुलूप. एसएसएच (सर्व्हरवर दूरून लॉगिन) उघडतं तेव्हा क्लाउड-इनिटचा शेवटचा टप्पा अजून चालू असू शकतो. घाईनं ॲप्ट दिलं की 'कुड नॉट गेट लॉक' येतं. अशा वेळी लॉकची फाइल पुसायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चालू असलेलं इन्स्टॉल अर्धवट तुटतं आणि डीपीकेजीची (ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाची) डागडुजी करत बसावं लागतं. 'क्लाउड-इनिट स्टेटस --वेट' द्या. काम संपलं की 'स्टेटस: डन' दिसेल, नाहीतर 'एरर'. त्यानंतरही ॲप्टचा रोजचा टायमर आहेच. सकाळ-संध्याकाळ 6 ची वेळ आणि वर 12 तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर, म्हणजे तो कधीही उठतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=300' हा पर्याय घाला, म्हणजे ॲप्ट पाच मिनिटं वाट बघेल.

यादीच उतरत नसेल तर बाहेर जाणारं पोर्ट 80 आधी बघा. उबुंटूचे मिरर साध्या एचटीटीपीवर असतात आणि बरेच जण फक्त 443 (एचटीटीपीएसचं पोर्ट) उघडतात. प्रायव्हेट सबनेटला, म्हणजे इंटरनेटशी थेट न जोडलेल्या नेटवर्कला, बाहेर जायची वाट देणारं नॅट नसेल तरी तेच होतं. कुठं अडलं ते लॉग फोल्डरमधल्या 'क्लाउड-इनिट-आउटपुट' फाइलमध्ये ओळीनं लिहिलेलं असतं. शिरोली-गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीचा बिलिंग सर्व्हर अडला असला तरी आधी तीच फाइल उघडायची.

सरावाला क्लाउडचं बिल कशाला? लॅपटॉपवर मल्टिपास (उबुंटूची आभासी मशीन उभी करणारं साधन) टाका, 'लाँच'ला '--क्लाउड-इनिट' लावून आपली फाइल द्या. मूळ सेटिंगला 1 जीबी रॅम आणि 5 जीबी डिस्क मिळते, एवढं पुरतं. फाइल बदलून नुसता रीबूट मारला तर पॅकेजेसचा भाग पुन्हा चालत नाही, तो एका इन्स्टन्सला, म्हणजे उभ्या केलेल्या एका मशीनला, एकदाच चालतो. जुनं मशीन पुसून नवं काढा आणि पुन्हा बघा.