सोळा-सतराव्या वर्षी कमाई सुरू झाली, मग रिटर्न भरायचं का?

माझी भाची सोळा वर्षांची आहे. तिला एका मालिकेत काम मिळालं. वर्षभराचं मानधन ठरलं १,८०,००० रुपये आणि खात्यात आले १,६२,०००. "मावशी, माझे अठरा हजार गेले कुठे?" असं तिने विचारलं, तेव्हा माझी बहीण म्हणाली, "अगं, कापतातच ते. आणि ही तर अजून लहान आहे, हिला कसलं आलंय रिटर्न!"

ही समजूत घरोघरी आहे आणि ती मुलांच्या खिशाला महाग पडते. प्राप्तिकराला किमान वय नाही. रिटर्न म्हणजे वर्षभराची कमाई आणि त्यावरचा कर प्राप्तिकर खात्याला कळवणारं विवरणपत्र. शिवाय 'कर लागतो का' आणि 'रिटर्न भरायचं का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक पैसा कर लागत नसतानाही रिटर्न सक्तीचं असू शकतं. आणि सक्तीचं नसलं तरी न भरल्यास हक्काचे पैसे सरकारकडेच राहतात. पुढचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या कमाईचे.

१. पैसा कशातून आला, ते आधी वेगळं करा

अठरा पूर्ण झाली असतील तर ही पायरी सोडून द्या, तुमचं सगळं उत्पन्न तुमचंच. अठराच्या आत मात्र मुलाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. आईवडील विभक्त असतील तर जो मुलाला सांभाळतो त्याच्या उत्पन्नात.

याला मोठा अपवाद आहे स्वतःच्या मेहनतीचा. अंगमेहनत करून किंवा स्वतःची कला, कौशल्य, ज्ञान वापरून मिळवलेला पैसा मुलाचाच धरतात. दुकानातला पगार, अभिनयाचं मानधन, तबल्याच्या शिकवणीची फी, व्हिडिओ एडिटिंगचे पैसे, सगळं यात आलं. याचं रिटर्न भरायचं झालं तर मुलाच्या नावाने, मुलाच्या पॅनवर.

आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेल्या मुदत ठेवीचं व्याज मात्र पालकाच्या रिटर्नमध्ये जातं. इथे बरेच जण चुकतात ते असं: मुलाने स्वतः कमावलेले पैसे बँकेत ठेवले, तर मूळ कमाई मुलाची, पण त्यावरचं व्याज अठरा पूर्ण होईपर्यंत पालकाचं! चौदा वर्षांखालील बालकलाकारांच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या नावे मुदत ठेवीत टाकणं बालकामगारविषयक नियमांनी बंधनकारक आहे. त्या ठेवीच्या व्याजालाही हाच हिशोब लागतो.

२. चार लाखांची रेघ तपासा

नव्या करप्रणालीत, म्हणजे जी आपोआप लागू होते तिच्यात, मूळ सूट ४ लाख रुपयांची आहे. उत्पन्न त्यापुढे गेलं की रिटर्न सक्तीचं. पगारदाराने आधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट काढून मग बघायचं, म्हणजे फक्त पगाराचंच उत्पन्न असेल तर ४,७५,००० पर्यंत सक्ती नाही. जुनी प्रणाली निवडली तर ही रेघ अडीच लाखांवर येते.

१२ लाखांपर्यंत कर नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ती करात मिळणारी सवलत आहे, रिटर्न न भरण्याची परवानगी नव्हे. एकोणिसाव्या वर्षी वार्षिक सहा लाखांची नोकरी लागली तर कर शून्य आणि रिटर्न सक्तीचं. शेअर विकून नफा झाला असेल तर या सवलतीचं गणित बदलतं, तेव्हा जाणकाराला विचारा.

चार लाखांच्या आत असूनही काही वेळा रिटर्न भरावंच लागतं. किशोरांच्या बाबतीत त्यातलं मुख्य कारण एकच: वर्षात कापलेला टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर, २५,००० रुपये किंवा त्याहून जास्त असणं. परदेशप्रवासावर दोन लाखांहून अधिक खर्च केला असला तरीही सक्ती लागते.

३. काय कापलं गेलं ते शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. भाचीचं उत्पन्न चार लाखांच्या कितीतरी आत, म्हणून सक्ती नाही. पण तिच्या मानधनातून १० टक्के, म्हणजे १८,००० रुपये टीडीएस कापला गेला होता. तिला कर शून्य, म्हणून ते सगळे परत मिळणार. फक्त ते मागावे लागतात आणि मागण्याचा मार्ग म्हणजे रिटर्न. आपोआप कोणी पाठवत नाही.

प्राप्तिकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर 'फॉर्म २६एएस' आणि 'एआयएस' (वार्षिक माहितीपत्रक) उघडा. कोणी, किती पैसे दिले आणि त्यातून किती कापले ते तिथे दिसतं. पैसे देणाऱ्याकडून कर कापल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, मागून घ्या, पगार असेल तर फॉर्म १६. कापलेली रक्कम २६एएसमध्ये दिसत नसेल तर पैसे देणाऱ्यालाच गाठा, कारण दुरुस्ती त्यालाच करावी लागते.

पगाराच्या स्लिपवरची प्रत्येक कपात टीडीएस नसते. महिना १६,००० पगार घेणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, कापले जातात. तो राज्याचा व्यवसाय कर, तो रिटर्न भरून परत येत नाही. पीएफही वेगळा, तो तुमच्याच पीएफ खात्यात जमा होतो.

४. पॅन आणि बँक खातं मुलाच्या नावे करा

अठराच्या आतही पॅन मिळतं, अर्ज पालकाने करायचा. पहिलं काम स्वीकारण्याआधीच ते काढा. पॅन दिलं नाही तर मानधनावर १० ऐवजी २० टक्के कापतात. भाचीचे १८,००० ऐवजी ३६,००० अडकले असते, आणि पॅनशिवाय कापलेली रक्कम तिच्या नावावर चढलीच नसती. मानधन आईच्या खात्यात घेऊ नका. दहा वर्षांवरील मुलांना बँका आपापल्या नियमांनुसार स्वतः चालवायचं बचत खातं उघडू देतात. पॅन, आधार आणि बँक तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आत्ताच पाहा, नाहीतर परतावा तिथेच अडतो.

५. पालकाची प्रतिनिधी म्हणून नोंद करा

अठराच्या आतल्या मुलाचं रिटर्न पालक भरतो. पालकाने स्वतःच्या लॉगिनने शिरून 'ऑथराइज्ड पार्टनर्स'मध्ये प्रतिनिधी म्हणून नोंदणीची विनंती टाकायची, प्रकार 'मायनर' निवडायचा आणि मुलाचं पॅन, स्वतःचं पॅन, जन्मदाखला जोडायचा. मंजुरीला काही दिवस लागतात, म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

६. फॉर्म भरा आणि पडताळणी करा

फक्त पगार आणि व्याज असेल तर आयटीआर-१, म्हणजे 'सहज'. मानधन किंवा स्वतःची कामं असतील तर बहुतेक वेळा आयटीआर-४ किंवा आयटीआर-३. यातला कोणता, हे पहिल्या वर्षी सीएला विचारून घ्या, ती फी वाया जात नाही. टीडीएसचा तक्ता २६एएसशी रुपयान्‌रुपया जुळवा आणि परताव्यासाठी मुलाचं बँक खातं संकेतस्थळावर 'व्हॅलिडेट', म्हणजे तपासून पक्कं, करा.

३१ जुलै ही नेहमीची मुदत धरून चाला. ती चुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. रिटर्न सक्तीचं असेल तर पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० रुपये विलंब शुल्क पडतं, ज्याला सक्तीच नाही त्याला ते पडत नाही. भरल्यापासून ३० दिवसांत ओटीपीने पडताळणी करा. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात.

अठरा पूर्ण झाल्यावर दोन कामं लगेच करा. लहानपणी काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते, ती घालून नवं कार्ड मागवा. आणि बँकेत जाऊन खातं सज्ञान म्हणून बदलून घ्या, म्हणजे पुढचा परतावा अडणार नाही.