कोअर्स केलं आणि बिल शून्य आलं

पायथन येतं, पांडाजमध्ये सीएसव्ही उघडता येते, एवढं धरून चालतो. कोल्हापुरात माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते एका गावच्या दूध संस्थेचं: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) आणि दर दहा दिवसांनी निघणारं बिल. फॅटच्या रकान्यात कुठं ‘6,4’, कुठं ‘6.4?’, कुठं नुसती आडवी रेघ. मधेच मराठी आकडे. (त्यांना घाबरू नका, पायथनचं फ्लोट ‘६.४’ मुकाट वाचतं.)

खरा खड्डा पुढं आहे. मजकुराचे आकडे करणाऱ्या पांडाजच्या टू_न्यूमरिकला एरर्स=कोअर्स दिलं की जे वाचता येत नाही त्याचं नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ अशी खूण, होतं. लाल अक्षरात काही येत नाही, काम थांबत नाही. फॅट नॅन असली की त्या वेळच्या दुधाची रक्कमही नॅन होते, आणि मग बिलाची बेरीज करताना पांडाज नॅन वगळतं. एखाद्याची तीन वेळची फॅट वाचली गेली नाही तर बिल तेवढं कमी निघतं, पण दिसायला चोख. आणि दहाही दिवसांची फॅट बिघडलेली असेल तर? बेरीज नॅन येत नाही, शून्य येते! बेरजेला मिन_काउंट=1 (निदान एक आकडा हवाच) दिलं तर नॅन राहतं, पण एकही आकडा शिल्लक नसेल तेव्हाच. तीनच गेले असतील तर तेही गप्प. आता त्या शून्याचा अर्थ काय लावायचा? दूध घातलंच नाही, की आपल्याला वाचता आलं नाही? सभासद सकाळी डेअरीत येऊन हेच विचारतो.

‘ट्राय-एक्सेप्ट घाल, पास लिही, पुढं चल’, म्हणजे चूक गिळून टाक, म्हणणारे सीनियर पायलीला पन्नास भेटतील. अजिबात ऐकू नका.

प्रत्येक ओळीमागं एक छोटा डेटाक्लास (नावं दिलेल्या रकान्यांचा गठ्ठा) परत द्या: किंमत (वाचलेला आकडा, दुधाचा दर नव्हे), इशारे, चुका, ओळ क्रमांक आणि मूळ मजकूर जसाच्या तसा. चुकांची यादी रिकामी असेल तरच किंमत वापरायची. इशारा म्हणजे किंमत आहे, पण शंका आहे. गाईच्या दुधाला फॅट 7.8 लागलीय? बहुतेक म्हशीचं दूध गाईच्या नावावर चढलंय. आकडा ठेवा, शेरा त्याच ओळीला चिकटवा. पायथनच्या इशारे छापणाऱ्या वॉर्निंग्ज.वॉर्नवर भिस्त ठेवू नका. कोडच्या त्याच ओळीतून तोच मजकूर पुन्हा आला तर ते एरवी एकदाच छापतं. रस्ट भाषावाले त्यांच्या रिझल्टचं (उत्तर किंवा चूक, दोन्ही परत देणाऱ्या प्रकाराचं) कौतुक सांगतील, रास्तच आहे. पण त्यातही ओके आणि एरर दोनच; इशाऱ्याची जागा ओकेच्या आत आपण करायची.

आणि पहिल्या चुकीवर थांबू नका. लिटरही चुकलंय आणि फॅटही, तर दोन्ही एकदम सांगा. एकाच ओळीसाठी सचिवांना दोनदा फोन गेला की तिसऱ्यांदा ते उचलत नाहीत.

सुरुवातीला चुकांची यादी लांबलचक येईल, खचू नका. त्या ओळी आधीही बिघडलेल्याच होत्या.

स्क्रिप्ट रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीवर) लावाल तेव्हा एक्झिट कोड, म्हणजे संपताना स्क्रिप्ट देते तो आकडा, 0 म्हणजे यश, बाकी सगळं अपयश. इशाऱ्यांसाठी मी तिसरा कोड ठेवत नाही. त्यांची सभासद क्रमांकासकट वेगळी फाइल सचिवांकडं जाते. एकही चूक असली तर कोड 1, आणि त्या सभासदाचं बिल छापायचं नाही.