छताचे नुकसान : विम्याचा दावा करावा की पदरचे पैसे घालावेत?

नागपुरात छताची परीक्षा दोनदा होते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री निवतो आणि या रोजच्या प्रसरण-आकुंचनाने गच्चीच्या कोब्याला केसासारख्या भेगा पडतात. मग नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरता सरता वादळी वारा सुटतो आणि टिनाचे पत्रे उचलून नेतो. पहिल्या पावसात घरात पाणी टपकू लागले की उन्हाचे आणि वाऱ्याचे काम एकमेकांत मिसळते. दावा करायचा की नाही, हे ठरवण्यासाठी आधी ते वेगळे करावे लागते.

याचे कारण पॉलिसीच्या रचनेत आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांमार्फत ‘भारत गृह रक्षा’ ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, झाड कोसळणे अशा पॉलिसीत नावानिशी दिलेल्या घटनांमुळे झालेले नुकसानच तीत भरून मिळते. जुन्या झालेल्या वॉटरप्रूफिंगमधून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी ही अशी घटना नव्हे. त्यामुळे नुकसान किती मोठे आहे यापेक्षा ते कशामुळे झाले, हा प्रश्न आधी विचारावा.

त्याचे उत्तर बहुतेक वेळा छतच देते. पत्र्यांवर स्वतः चढू नये. शेजारच्या गच्चीवरून किंवा भक्कम शिडीवरून पाहणे पुरेसे होते. वाऱ्याने नुकताच उचललेला पत्रा हुकाच्या छिद्रापाशी फाटलेला असतो आणि फाटलेली कड चकचकीत दिसते. तीच कड तांबूस होऊन बोटाने भुगा पडत असेल, तर गंजाने आधीच काम केलेले आहे. फांदी पडून फुटलेल्या कठड्याच्या आतले सिमेंट स्वच्छ राखाडी दिसते, तर जुन्या भेगेत काळी बुरशी किंवा शेवाळ असते. खोलीच्या छताकडेही पाहावे. एकात एक पिवळट कडा असलेला डाग एका पावसाचा नसतो. आमच्या मानेवाड्याच्या घरातला असाच एक डाग मी वादळाच्या नावावर घालायला निघालो होतो, तेव्हा त्यातली चार वर्तुळे मिस्त्रीनेच मला मोजून दाखवली. जुनी गळती वादळाची म्हणून दाखवणे ही फसवणूक ठरते आणि तिच्यापायी खरा दावाही बुडू शकतो.

कारण विम्यात बसत असेल, तर मग हिशेब करावा. मिस्त्रीकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यात वादळाने मोडलेले व तुम्हाला या निमित्ताने बदलायचे असलेले काम वेगवेगळे लिहायला सांगावे. समजा, सहा पत्रे, हुक आणि मजुरी मिळून १८,००० रुपये होतात आणि तुमच्या पॉलिसीत प्रत्येक दाव्यातून आधी १०,००० रुपये वजा करण्याची अट आहे. जुन्या पत्र्यांची भंगार किंमतही वजा झाली, तर हाती आठ हजारांहून कमी येतील. एवढ्यासाठी कागदपत्रे आणि पाहणीचा खटाटोप करावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी करणार नाही. मात्र ही वजावट सर्व पॉलिसींत सारखी नसते आणि काहींत ती नसतेही, म्हणून पॉलिसीतले शेड्यूलचे, म्हणजे तुमच्या विम्याच्या तपशिलांचे, पान वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये. भरपाई नव्या बांधकामाच्या खर्चाने मिळणार की घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, वजा करून, हेही पाहून घ्यावे. छत वीस वर्षांचे असेल, तर सगळा हिशेब या एका अटीने फिरतो.

हा विचार दोन-तीन दिवसांत उरकावा, कारण नुकसानीची सूचना कंपनीला ताबडतोब द्यायची असते. आवराआवर करण्यापूर्वी फोटो काढावेत. पाणी आत येऊ नये म्हणून ताडपत्री टाकण्यास हरकत नाही, उलट नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. पण नुकसानीची पाहणी करणारा कंपनीचा सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत उडालेले पत्रे भंगारवाल्याला देऊ नयेत. वादळ झाले होते का, यावरच वाद निघाला, तर सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्रातील त्या दिवसाच्या वाऱ्या-पावसाच्या नोंदी उपयोगी पडतात. झाड महापालिकेच्या अग्निशमन दलाने हटवले असेल, तर त्याची नोंदही मागून ठेवावी.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी सोसायटीकडे विचारावे, कारण गच्ची सामाईक असते आणि इमारतीचा विमा सोसायटीच्या नावे असू शकतो. गृहकर्ज चालू असेल, तर बँकेकडे असलेली पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. कर्जासोबत घेतलेला विमा घराचा आहे की कर्जदाराच्या आयुष्याचा, हे अनेकांना वर्षानुवर्षे माहीत नसते. तो घराचा असल्यास भरपाईवर बँकेचा पहिला हक्क असू शकतो.

दावा न करण्याचे ठरले, तरी दुरुस्तीचे बिल आणि दुरुस्त झालेल्या छताचे तारखेसह फोटो पॉलिसीसोबत ठेवावेत. पुढच्या वादळानंतर सर्वेक्षक जुन्या डागांकडे बोट दाखवील, तेव्हा ते डाग कोणत्या वर्षी बुजवले होते, हे त्या फोटोंवरून दाखवता येईल.