प्रेशर वॉशर मारताय? आधी नोझल बघून लावा

पावसाळा उघडला की आमच्या कोल्हापुरात कंपाउंड, जिना, पार्किंग सगळं शेवाळानं हिरवं झालेलं असतंय. दसऱ्याआधी धुवायला काढलं की लोक सगळीकडं एकाच जोरात पाणी मारतात आणि भिंतीचा रंग पापुद्र्यासारखा निघून येतो, माझाही निघालाय.

१. शेवाळावर आधी साबणाचं पाणी मारून दहा मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. जोर निम्माच लागतोय.

२. रंगवलेली भिंत: पांढरं नोझल (४० अंश, म्हणजे धार तेवढ्या कोनात पसरते), दोन-अडीच फूट लांबून, वरून खाली. जिथं रंग फुगलाय तिथं मशीन मारूच नका, बादली आणि मऊ ब्रश घ्या.

३. काँक्रीट, काळ्या दगडाची पायरी: हिरवं (२५ अंश), फूटभरावरून.

४. पेव्हर ब्लॉक: पाणी तिरकं मारा, सरळ मारलं की सांध्यातली वाळू उडते आणि ब्लॉक हलायला लागतात. वाळल्यावर बारीक वाळू झाडूनं परत सांध्यात भरा, हे कुणीच करत नाही आणि मग वर्षभर ब्लॉक खडखडतात.

५. जांभ्याचा चिरा मऊ, त्याला पांढरंच नोझल, लांबून.

कौलांवर खालून वर पाणी मारू नका, आत घुसतंय.

आणि लाल नोझल (० अंश) घरी वापरूच नका. ती धार कातडी फाडून आत जाते, जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा. पायात चप्पल नको, बूट घाला, आणि मीटरच्या पेटीकडं धार अजिबात न्यायची नाही.