'ग्राह्य'चं इंग्रजी लिहिताना मी कुठे आपटलो

क्रियापद, विशेषण, प्रत्यय हे शाळेत झालंय, त्यात वेळ घालवत नाही. क्लासमध्ये एकच युक्ती मिळाली होती: क्रियापदाला 'एबल' चिकटवा, 'करण्याजोगं' असा अर्थ मिळतो. रीड, रीडेबल. वॉश, वॉशेबल. झालं!

अनुवादाच्या नोकरीत पहिल्याच महिन्यात 'हा पुरावा ग्राह्य नाही' या वाक्यात मी 'अ‍ॅडमिटेबल' लिहिलं. वकीलसाहेबांनी शब्दाखाली दोन रेघा मारून कागद परत दिला. हवा होता 'अ‍ॅडमिसिबल'. अ‍ॅडमिटेबल मोठ्या शब्दकोशात सापडतो, पण पुराव्याबद्दल तो कुणी वापरत नाही.

माझी चूक नीट बघा. 'अ‍ॅडमिट'मधल्या टी-च्या जागी डबल एस आला आणि प्रत्ययही आय-बी-एल-ई झाला. हे शब्द लॅटिनमधून आलेत आणि तिथलं बदललेलं रूपच विशेषणात उतरलंय. तेच रूप नामातही दिसतं, म्हणून आधी नाम आठवा. अ‍ॅडमिशन, म्हणून अ‍ॅडमिसिबल. परमिशन, परमिसिबल. डिव्हिजन, डिव्हिजिबल. कॉम्प्रिहेन्शन, कॉम्प्रिहेन्सिबल. नाम 'एशन'वालं असेल तर बहुतेकदा ए-बी-एल-ई: अ‍ॅप्लिकेशन, अ‍ॅप्लिकेबल, अ‍ॅडॅप्टेशन, अ‍ॅडॅप्टेबल. कानावर विसंबू नका, बोलताना दोन्ही शेपट्या सारख्याच ऐकू येतात.

आणि हाही नियम आंधळेपणाने लावलात तर मराल. प्रेडिक्शन आहे, तरी प्रेडिक्टेबल. डिटेक्शन, तरी डिटेक्टेबल. म्हणून 'पाच मिनिटांत शंभर शब्द' छाप तक्त्यांवर माझा राग आहे. ते करणाऱ्यांनी आयुष्यात एक पानभर इंग्रजी लिहिलं असेल का, शंकाच आहे.

अर्थाचंही एक सांगतो. कन्सिडरेबल म्हणजे 'विचार करण्याजोगा' नव्हे, 'बराच मोठा'.

'यूझेबल'मध्ये यूझचा ई सहसा गळतो, नोटिसेबलमध्ये राहतो, नाहीतर सी-चा उच्चार 'क' होईल. एवढं पुरे.

घाबरू मात्र नका. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? हसणारा तो हसरा, लाजणारा लाजरा, पण बोलणारा बोलका आणि रडणारा रडका. 'हसका' आणि 'बोलरा' का नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? ऐकून ऐकून बसलं. इंग्रजीही तसंच बसतं, फक्त रोज दोन पानं वाचावी लागतात.

माझ्या वहीत फसवणारे शब्द लाल शाईत आहेत. 'इर्रेझिस्टिबल' लिहिताना आजही हात थांबतो. त्याचं नाम रेझिस्टन्स, म्हणजे माझी युक्ती तिथे काहीच कामाची नाही.