रॉस बेटावरील भग्न वास्तूंचे छायाचित्रण

अंदमानला निघालेल्या पुणेकराने लेन्सआधी घड्याळाचा विचार करावा. अंदमान पुण्याच्या जवळजवळ 19 अंश पूर्वेला असूनही प्रमाणवेळ एकच असल्यामुळे तेथे सूर्य सुमारे सव्वा तास आधी माथ्यावर येतो, म्हणजे अकरा-साडेअकरालाच. निवांत न्याहारी करून रॉस बेटावर (2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) उतरणाऱ्याच्या वाट्याला टळटळीत ऊनच येते. म्हणून सकाळची पहिली बोट धरावी. आभाळ भरून आले असल्यास हिरमुसू नये, कारण भग्न वास्तूंसाठी तोच प्रकाश उत्तम.

ब्रिटिशांचे हे प्रशासकीय ठाणे 1941 च्या भूकंपाने खिळखिळे झाले, 1942 मध्ये जपान्यांच्या ताब्यात गेले आणि पुढे झाडांनी ते व्यापले. छपरे उरली नाहीत. विटांच्या भिंतींवरून मुळे जाळ्यासारखी उतरली आहेत. संपूर्ण इमारत चौकटीत बसवण्याच्या नादात ही मुळे बारीक धाग्यांसारखी दिसू लागतात, तेव्हा जवळ जावे, एखादी खिडकी निवडावी आणि मुळाने वीट कोठे उचलली आहे ते दाखवावे. प्रकाश बाजूने येत असेल तर मुळांचा उठाव स्पष्ट दिसतो. फांद्यांमधून डोकावणारे आभाळ पांढरेफटक पडते. ते चौकटीबाहेर ठेवावे, आणि जमत नसेल तर एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा प्रकाश) एक स्टॉप कमी करून, अर्थात निम्मे करून, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी, म्हणजे सावलीतील तपशील नंतर उजळता येतो. याचा सराव पुण्यातच, जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराच्या लेण्यात होऊ शकतो. काळा दगड, वडाची गर्द सावली आणि वरचे लख्ख आभाळ ही अडचण तेथेही आहेच.

समुद्रासाठी पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा परावर्तन कमी करणारा फिल्टर, वापरावा. तो पाण्यावरची चकाकी घालवतो, शिवाय ओल्या पानांचा हिरवा रंगही खुलवतो. मात्र दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, त्यामुळे दाट झाडीत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागतो. बेटावरील हरणे माणसाळलेली आहेत, तरी त्यांना खाऊ दाखवून बोलावू नये. खाली बसून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून छायाचित्र घ्यावे.

वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताच लेन्सवर दव धरते, म्हणून कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवावा. परतल्यावर फिल्टर कोरड्या फडक्याने घासू नये, कारण मिठाच्या कणांनी काचेवर चरे पडतात. आधी ब्लोअर (हवा फुंकणारा रबरी फुगा) मारून मग किंचित ओलसर मऊ कापडाने तो पुसावा.