विंचू चावल्यावर ती रात्र कशी काढायची

मागच्या भातकापणीला पेंढा उचलताना करंगळीला लाल विंचवानं नांगी मारली, एवढुसा विंचू, पण कळा अशा की खांद्यापर्यंत जाळ चढला, मोठ्या माणसासारखा माणूस मी ढसाढसा रडलो. म्हणून हे लिहितोय, आमच्या कोकणात कुणालाही उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे ठणका मोजत बसू नका, अंगाकडे बघा. नुसतंच खूप दुखतंय आणि बाकी ठीक, तर बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो. उलट दुखणं कमी पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, छातीत धडधड, तोंडाला लाळ, पुरुषांना उगाच ताठरता (लाजून लपवू नका, डॉक्टरला सांगा), यातलं काहीही दिसलं की विष अंगात भिनलंय. लहान पोर असेल तर लक्षणांची वाट पण बघू नका, १०८ लावा नाहीतर मिळेल ती गाडी पकडा.

चिरा देणं, विष चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. आमच्या शेजारच्या काकांना मला मांत्रिकाकडेच न्यायचं होतं. साधा डंख असला तर ठणका काही तासांनी आपोआप उतरतो आणि नाव मांत्रिकाचं होतं, खरा जहरी डंख असला की तेवढ्यात वेळ जातो.

पोचेपर्यंत हात हलवू नका, अंगठी-बांगडी काढा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवा. मी तर गाडीत मोठ्यानं पाढे म्हणत होतो, सतराच्या पाढ्याला अडकलो की परत पहिल्यापासून, वेडेपणा वाटेल पण श्वास सुटत नाही. दवाखान्यात लाज न बाळगता बोट बधिर करायचं इंजेक्शन मागा, मला त्यानंच पहिल्यांदा जीवात जीव आला.

विषामुळे शरीरातल्या नसा एकदम अ‍ॅड्रेनालिन सोडतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर लोड येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं, पूर्वी माणसं यानंच जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन वापरलं, ही खरं तर बीपीची गोळी, त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. त्यांना २०२२ ला पद्मश्री जाहीर झाली. पण घरात कुणाची बीपीची गोळी आहे म्हणून आपल्या मनानं घेऊ नका, डोस वजनावर ठरतो. आणि डॉक्टरनं दिलेली ही गोळी घेतल्यावर झोपूनच राहा, मी बाथरूमला जायला झटक्यात उठलो आणि डोळ्यापुढे अंधारी, नर्सनं धरलं म्हणून वाचलो.

घाम-उलट्या झाल्या असतील तर डॉक्टर निदान एक दिवस ठेवून घेतात, बरं वाटतंय म्हणून घरी पळू नका. घरी आल्यावर मला दोन दिवस नुसता थकवा होता, पेज आणि झोप एवढंच. करंगळी महिनाभर झिणझिणत होती, गार पाणी लागलं की जास्तच. धाप लागली किंवा छाती जड झाली तर मात्र लगेच परत जा.

आता पेंढ्यात हात घालायच्या आधी काठीनं ढवळतो, सकाळी चपला उलट्या करून आपटतो. रात्री जांभळ्या यूव्ही टॉर्चखाली विंचू हिरवट चमकतो, पहिल्या रात्री पडवीत टॉर्च मारून बघितला तर तीन विंचू सापडले.